दोन तोंडांचे हेड

१

मेहबूबने पोत्यातून गाडीच्या इंजिनाचा हेड बाहेर काढून पहिली चिंधी ओढली, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. त्या चिंधीच्या शेजारी दुसरी चिंधी दिसली आणि त्याचा हात थांबला.

मी रस्ता ओलांडून नुकताच पोचलो होतो. खरं सांगायचं तर जळायलाच गेलो होतो. क्लासवाल्या गुरुपादप्पा सरांची बीटल गाडी सहा आठवडे मेहबूबच्या दारात मागचं झाकण उघडून उभी होती आणि त्या सहा आठवड्यांत मला धड जेवण गेलं नव्हतं. लातुरात ती एकच बीटल. सदुसष्ट सालची, सरांच्या सासऱ्यांनी हैदराबादहून दिलेली. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही, नुसत्या हवेवर थंड होणारं. ती सरांनी दिली मेहबूबला. माझं गॅरेज समोरच, चाळीस पावलांवर, बोर्डही माझाच मोठा. तरी मेहबूबला.

"थांबलास का?" सरांनी विचारलं.

मेहबूबनं दुसरीही चिंधी ओढली. मला सगळं दिसलं. इंजिन उघडलं की हवा आत जाते त्या तोंडात चिंधी कोंबून ठेवायची, म्हणजे नट-कचरा आत पडत नाही. जितकी तोंडं तितक्या चिंध्या. जुन्या बीटलच्या हेडला एकच तोंड असतं. त्यातून हवा येते आणि आतल्या आत दोन सिलिंडरांना वाटली जाते, दोन भावांनी एका ताटात जेवावं तशी. एकाहत्तरच्या आसपास दोन तोंडांचे हेड आले, ज्याचं ताट त्याला. सरांची गाडी सदुसष्टची. तिची हवेची नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, समोर बाकड्यावर पडली होती. दोन्ही टोकांना एकेकच तोंड. ती या हेडवर सात जन्मांत बसली नसती.

"हे या गाडीचे न्हाईत, सर," मेहबूब म्हणाला.

"मग माझे कुठेत?"

"ठाऊक न्हाई. गुरुवारी मीच पोत्यात घालून शिवले व्हते."

भूकंपापासून त्याची ही पद्धत होती. गेल्या वर्षी त्या पहाटे रॅक कोसळून पाच गाड्यांचे भाग एकमेकांत मिसळले. तेव्हापासून खोललेला प्रत्येक भाग तो पोत्यात घालून तोंड शिवून टाकायचा आणि वर चुन्यानं नंबर लिहायचा.

सरांचा आवाज चढला. "तेवीस जखमी माणसं या गाडीनं दवाखान्यात नेली. तिचे अस्सल जर्मन हेड विकून भंगार भरलंस होय रे? दसऱ्याला नव्या क्लासच्या दारात उभी करायची होती मी!"

ती तेवीस माणसं किल्लारीकडून गाडी चालवत आणली होती मेहबूबनेच. हे सरांना आठवत नव्हतं आणि मेहबूब आठवण करून देणाऱ्यांतला नव्हता. असला माणूस समोर राहायला असला की माझ्यासारख्याचं कठीण होतं.

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत हेड आले नाहीत तर पोलिसात देईन. आणि दुकानाची किल्लीही घेईन," सर म्हणाले. दुकान त्यांच्याच इमारतीत होतं. वरती क्लासच्या पोरांसाठी खोल्यांवर खोल्या चढत होत्या. मग ते माझ्याकडे वळले. "श्रीमंत मिस्त्री, तुम्ही पंच. शोध लावा. हे काम कळणारे या गावात तुम्ही दोघंच."

दोघंच. तिथंही एकट्याचं नाव निघालं नाही.

मेहबूबने हेड माझ्या हातात दिला. त्याचा अंगठा कडेवर होता, तो त्यानं सावकाश उचलला. अंगठ्याखाली तीन बारीक ठिपके होते, टोच्यानं ठोकून उठवलेले.

ते हेड माझे होते.

२

आता हे सांगायलाच हवं. मी आणि मेहबूब उदगीरला एकाच उस्तादाकडे शिकलो. हमजा उस्ताद. तो आमचे डोळे बांधून हातात हेड द्यायचा आणि बोटानं तोंड चाचपून कुठल्या गाडीचा ते सांगायला लावायचा. मी दहापैकी नऊ सांगायचो. मेहबूब आठ. तरी उस्ताद म्हणायचा, "हाथ तो मेहबूब का है." शेवटी उस्तादाचा जर्मन पान्यांचा संच मेहबूबला मिळाला. सव्वीस वर्षं झाली, तो संच समोरच्या भिंतीवर टांगलेला मी रोज बघतो. प्रत्येक चेल्याला उस्तादानं एक खूण दिली होती. मेहबूबची एक रेघ. माझे तीन ठिपके.

भूकंपानंतर मदतीला परदेशी डॉक्टर आले होते, त्यांची डबा गाडी नंतर भंगारात गेली. नांदेडच्या शेषेराव भंगारवाल्यानं तिचे हेड मला दिले आणि मी कडेवर माझे तीन ठिपके उठवले. इंजिन बीटलचंच, फक्त नंतरच्या सालातलं, दोन तोंडांचं. माझ्या काही कामाचे नव्हते. पण मेहबूबकडे बीटल होती आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. रविवारी ते घासूनपुसून, तोंडांत चिंध्या कोंबून मी पोत्यात घालायचो, पोत्याला तार बांधायचो आणि बाजेखाली सरकवायचो. भूकंपापासून आमच्याकडे माळ्यावर जड काही ठेवत नाहीत.

घरी येऊन बाजेखाली हात घातला. पोतं नव्हतं.

मी जमिनीवरच बसलो. माझे हेड मेहबूबच्या दुकानात, म्हणजे चोर माझ्या घरातून गेला होता. खरं बोललो तर लोक म्हणणार, श्रीमंतच चोर. औसा रोडवरचं कुत्रंसुद्धा जाणतं की मी मेहबूबवर जळतो. गप्प बसलो तर मंगळवारी मेहबूबचं शटर पडणार आणि हातात बेडी येणार.

आणि खोटं कशाला बोलू, शटर पडल्याचं चित्र क्षणभर मला गोड लागलं. त्या गोडीची मलाच भीती वाटली.

३

डोकं थंड करून विचार केला.

हेड बदलणाऱ्याला वाटलं होतं की बदल कुणाच्या लक्षात येणार नाही. नाहीतर पोतं नुसतं उचलून नेलं असतं, दुसरं ठेवण्याची यातायात कशाला केली असती? म्हणजे त्याच्या लेखी बीटलचा हेड तो बीटलचा हेड. एक तोंड की दोन, हे त्याला माहीतच नव्हतं. मिस्त्री मेला तरी असं चुकत नाही. म्हणून मेहबूब सुटला. म्हणून मी सुटलो. शेषेराव भंगारवाला सुटला, कारण "बग, दोन तोंडाचं हाय, तुज्या काय कामाचं?" असं तोच मला म्हणाला होता.

मग केव्हा बदलले? गुरुवारी संध्याकाळी पोतं शिवलं, शनिवारी सकाळी उघडलं. मेहबूब दुकानातच झोपतो. मधे फक्त शुक्रवारची दुपार. जुम्म्याच्या नमाजाला जाताना तो शटर पाडत नाही, नुसता गोणपाटाचा पडदा सोडतो आणि समोरून आम्ही लक्ष ठेवतो. मी गावाला गेलो की तो माझ्या दुकानावर ठेवतो. भांडण भांडणाच्या जागी, राखण राखणीच्या जागी. पण त्या शुक्रवारी मी नव्हतो. शुक्रवारी आमच्या भागात दिवसभर लाईट नसते, लेथ बंद, गिरणी बंद, सगळंच बंद. म्हणून बेअरिंग आणायला मी नांदेडला शेषेरावकडे गेलो होतो. दुकानावर बसली होती लक्ष्मीबाई, माझी बायको.

ती ओट्यावर गोधडी शिवत होती. मी विचारलं, "शुक्रवारी दुपारी मेहबूबच्या दुकानात कोण आलं होतं?"

"हरिओम सर आलते." तिनं मान वर केली नाही. "गाडीकडं बगत हुबे ऱ्हायले अन् गेले."

"पडद्याआड गेले का?"

"मी काय त्यास्नी बगत बसले का? मला काम न्हाई?" सुई कापडात गेली, बाहेर आली. "तुमी कामून एवढं हिंडून राहिले त्याच्यासाठी? त्याचं त्यो बगंल की."

"सरांनी पंच केलंय मला."

"मंग बरंच की. सांगा, मेहबूबनंच विकले मनून. सव्वीस वर्सं त्याच्या नावानं खडे फोडून राहिले. आता धोंडा घावलाय तर हात आकडला व्हय?"

हरिओमचं नाव तेवढं मी पक्कं धरलं.

४

हरिओम म्हणजे गुरुपादप्पा सरांचाच विद्यार्थी. वेगळा होऊन शेजारच्या गल्लीत पदार्थविज्ञानाचा क्लास काढलेला. गुरूपेक्षा चाळीस पोरं कमी म्हणून झोप न लागणारा. आमची जातकुळी एकच, मला तो लगेच कळतो. शिवाय शुक्रवारीच नांदेडला शेषेराव सहज बोलून गेला होता की हरिओम सर बीटलच्या हेडची चौकशी करून राहिलेत. चोर जवळजवळ माझ्या खिशात होता.

मी क्लासला पोचलो. दीडशे पोरं पत्र्याखाली मांडी ठोकून बसली होती. फळ्यावर हरिओमनं दोन आकृत्या काढल्या होत्या. पहिल्या हेडला एक तोंड. दुसऱ्याला दोन.

फरक त्याला ठाऊक होता, म्हणजे हाही सुटला.

तास संपल्यावर तो हसत बाहेर आला. "या मिस्त्री. हवा कमी पडली की इंजिनाचा दम कसा कोंडतो ते दाखवत होतो. एका तोंडाचं इंजिन सावकाशीनं चढ चढतं, पळायला लागलं की धापा टाकतं. दोन तोंडांचं पळतं चांगलं, पण तापलं की हेड तडकायची भीती. मला दोन्ही प्रकारचे हेड पाहिजे होते, कापून पोरांना दाखवायला. सरांच्या क्लासात असलं काही नाही."

"म्हणून शुक्रवारी मेहबूबकडे गेला होतात?"

"गेलो होतो. मेहबूब नव्हता. तुमच्या दुकानात हाक मारली, तिथंही कुणी नाही. मग वहिनी आल्या मेहबूबच्या दुकानामागून, हातात पाटी. जड होती, मीच डोक्यावर चढवून दिली."

"पाटीत काय होतं?"

"जोंधळे म्हणाल्या. गिरणीला निघाल्या होत्या."

तो पुढंही बोलत होता, गुरुपादप्पा सरांनीच दुकान रिकामं करायला हा डाव केला असेल वगैरे. सदुसष्टच्या हेडला एकच तोंड, हे गाडीचं कौतुक सांगताना सरांनीच मला दहा वेळा ऐकवलेलं, तेव्हा ते यात नव्हतेच. मी ऐकत नव्हतो.

शुक्रवारी गिरणी बंद असते.

५

सोमवारी दुपारी मी पोतं घेऊन ओट्यावर बसलो. पंच म्हणून सरांनी ते माझ्या ताब्यात दिलं होतं आणि दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मेहबूबने शिवण एका बाजूनं कापली होती. दुसऱ्या कोपऱ्यात अर्धी शिवण शाबूत होती.

मेहबूब पोतं दाभणानं शिवतो, सुतळीचे लांब लांब टाके, बोटभर अंतरानं. हे टाके बारीक होते. दोरा दुपदरी. कोपऱ्यापाशी एक टाका मागे घेऊन गाठ मारलेली आणि गाठ आत दडवलेली. ओट्यावर लक्ष्मीबाईची अर्धी गोधडी पसरलेली होती. मी तिचा कोपरा उचलून पोत्याशेजारी धरला. एक टाका मागे, गाठ आत.

ती भाकरीचं पीठ मळत होती. मी गोधडी धरलेली तिनं बघितली आणि हात परातीतच राहिला.

"खरे हेड कुठंत?"

"जोंधळ्याच्या कणगीत."

तिनं लपवलं नाही, रडलीही नाही. त्यानं मी जास्तच भडकलो. "का केलंस? मेहबूबनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"तुमच्या बाजंखालचे बी बीटलचेच, तेचे बी बीटलचेच. मला वाटलं बसतेल. जुनेपाने हायत, गाडी चार दिसांत बंद पडंल. सर चिडतेल अन् गाडी तुमच्याकडं आणतेल. मंग मी तुमाला खरे काडून दिले असते."

"आणि मेहबूबचं काय झालं असतं?"

"त्याचं नाव निगायचं बंद झालं असतं!" आता तिचा आवाज फुटला. "लग्न होऊन आले तवापास्नं ऐकून राहिले. सकाळी मेहबूब. जेवताना मेहबूब. उस्तादानं पाने मेहबूबला दिले, सरानं गाडी मेहबूबला दिली. ताटात काय वाडलंय ते कधी बगितलंव? मी तापीनं फणफणले व्हते तवा बी तुमी मेहबूबकडं कुणाची जीप आली ते सांगत बसलाव. सवत असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या मी. मेहबूबचं काय धरू?"

जळणं हा माझा एकट्याचा धंदा आहे असं मी धरून चाललो होतो. माझ्याच चुलीपाशी माझ्याहून मोठी आग सव्वीस वर्षं पेटलेली होती आणि मला तिची धगसुद्धा लागली नव्हती. लाज वाटली. फार लाज वाटली.

"पोलिसात देतेल का मला?" तिनं हळूच विचारलं.

मी कणगीत कोपरापर्यंत हात घातला. जोंधळ्यात बोटांना गार ॲल्युमिनियम लागलं. चाचपलं. एकच तोंड.

६

मंगळवारी चार वाजता गुरुपादप्पा सर मेहबूबच्या दुकानात खुर्ची टाकून बसले होते. मेहबूबची बायको बेगमबी घरून येऊन आतल्या दारात उभी होती, पदर घट्ट धरून. मी दोन्ही हेड बाकड्यावर ठेवले.

"हे तुमचे, सर. बघून घ्या. आणि ते दोन तोंडांचे माझे. मीच बदलले."

रस्त्यातून सांगत आलो होतो स्वतःला की वाक्य अडखळता कामा नये. अडखळलं नाही.

सर ताडकन उठले. "तुम्ही? आणि मी तुम्हालाच पंच नेमलं? पोलिसात देतो तुम्हाला!"

"थांबा सर," मेहबूब म्हणाला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला. "ह्यो खोटं बोलून राहिलाय."

"अरे, मी स्वतः सांगतोय!"

"तू सांगशील रे. पण उस्तादाकडं डोळे बांधून दहातले नऊ सांगणारा माणूस तू. मी आठावर अडकायचो. तू एका तोंडाच्या गाडीला दोन तोंडाचे ठेवशील? तू बदलले असते तर असे बदलले असते की मला मरंपर्यंत कळलं नसतं." तो सरांकडे वळला. "सर, ह्याच्याएवडं हेड कळणारा मिस्त्री नांदेडपासून लातूरपर्यंत न्हाई. माज्यापेक्षा बी जास्त कळतंय त्याला. ह्यानं केलंच न्हाई."

सव्वीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते मला मिळालं चोर म्हणून उभा असताना, आणि दिलं मेहबूबनं. आनंद व्हावा की जीव द्यावा, कळेना.

"मग कुणी केलं?" सर ओरडले.

मेहबूबने माझ्या हातातलं पोतं घेतलं. त्या शाबूत कोपऱ्याकडे त्यानं एकदाच बघितलं, खिशातून चाकू काढला आणि टाके सर्रकन उसवून टाकले. दोऱ्याचे तुकडे त्यानं तेलाच्या डब्यात टाकले.

"पोत्यांची अदलाबदल झाली सर. ह्याच्याकडं बी पोतं, माज्याकडं बी पोतं, राखण दोघांची एक. चूक माजी, शटर पाडायला पायजे व्हतं. तुमचे हेड तुमाला भेटले. गाडी दसऱ्याला दारात हुबी करतो."

सरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हेड उचलून तोंडं मोजली. त्यांना गाडी हवी होती आणि दसरा तीन दिवसांवर होता. ते गेले.

बेगमबीही घरी गेली, आम्ही दोघंच उरलो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"शनिवारीच. तीन ठिपके मला ठाऊक न्हाईत व्हय? सरांना दिसू नये मनून तर अंगठा ठेवून हुबा व्हतो. अन् शिवण तर मीच कापली."

"मग बोलला का नाहीस? बेडी पडली असती हातात!"

"मंगळवारपर्यंत वेळ व्हता की. तू येशील हे म्हाईत व्हतं." त्यानं मॅनिफोल्ड उचलून माझ्यापुढं धरलं. "धर तिकडून. एकट्याच्यानं बसत न्हाई हे."

आम्ही हेड बसवले. तीन तास लागले. त्यानं भिंतीवरून उस्तादाचे पाने काढून मधे ठेवले. मी ते हातात घेतले, नट आवळले आणि परत ठेवले. निघताना तो मागून म्हणाला, "श्रीमंत, वहिनीला सांग, टाका लई मजबूत हाय. दिष्ट काडावी असा. उसवताना जिवावर आलं माज्या. पण पोतं दाभणानं शिवतात मनावं."

घरी आलो. लक्ष्मीबाईनं ताट वाढलं आणि बाजूला बसून राहिली. मेथीची भाजी होती, ठेचा होता, भाकरीला तूप लावलेलं होतं. मी बघितलं.

"काय म्हणाला त्यो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. टाका मजबूत आहे म्हणाला, उसवताना जिवावर आलं म्हणाला. तिनं पदर तोंडाला लावला, पण तोंडावर फुललेलं हसू काही लपलं नाही. अशी हसलेली मी तिला लग्नानंतर बघितली नव्हती.

सव्वीस वर्षं मी त्या टाक्याखाली झोपलो होतो आणि तो चांगला आहे हे तिला सांगितलं मेहबूबनं. जळणं पुन्हा उफाळलं, नेहमीचंच, ओळखीचं. मेहबूबचं नाव जिभेवर आलं होतं. मी ते भाकरीच्या घासाबरोबर गिळलं आणि म्हणालो, "मेथी चांगली झालीय."